बागूल नानांचा धावणारा माणूस

बागूल नाना रेल्वेत कीमन होते. हातात लांब दांड्याचा हातोडा, खांद्याला झेंड्यांची पिशवी, आणि नेमून दिलेला रुळांचा पट्टा रोज चालत जायचं, चालत यायचं. रूळ जखडून ठेवणारी चावी सैल दिसली की ठोकायची, रूळ तडकलेला दिसला की गाडी थांबवायची. असा माणूस घरी आल्यावर लांब पल्ल्याच्या धावण्याची पुस्तकं ऐकत बसायचा, हे सांगितलं की लोक हसतात. आधी मीही हसलो होतो.

'ऐकत' म्हणतो, कारण वाचणारा मी. पुस्तकं इंग्रजी होती. नानांना मराठी चांगलं वाचता यायचं, पेपर तर ते जाहिरातींसकट संपवायचे. पण या विषयावर मराठीत आम्हाला काही मिळालं नाही. मी सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलच्या ऑफिसात कारकून होतो. कॉलेजात इंग्रजी घेतलं होतं, तेवढंच भांडवल. संध्याकाळी डिंडोलीत उतरलो की खोलीवर जाण्याआधी नानांच्या ओट्यावर टेकायचं, एक वाक्य मनात वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असा तो कार्यक्रम.

या माणसाबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. बायकोलाही अर्धंच सांगितलंय. आता पन्नाशी उलटली. न सांगण्याचाही थकवा येतो, हे मला माहीत नव्हतं.

सुरुवात प्लेगच्या वर्षी झाली. सुरत रिकामी होत होती, माणसं डब्यांच्या टपावर बसून गावी चालली होती. मीही धुळ्याला बहिणीकडे जाऊन राहिलो. सगळं निवल्यावर परत आलो, तर नाना ओट्यावर बसलेले. तोवर आमची ओळख नुसती 'जयभीम-नमस्कार' एवढीच होती.

"या भाऊसाहेब. कितपत लांब पळालात?"

"धुळ्यापर्यंत."

"वा. मोठी रेस झाली म्हणायची."

ते स्वतः गेले नव्हते. टपावर माणसं बसलेल्या त्या गाड्यांखालचे रूळ ते तपासत होते. पण त्याचा बडेजाव त्यांनी कधी केला नाही. "सगळा गाव निघाला म्हणजे गाड्या जादा," ते म्हणायचे. "गाड्या जादा म्हणजे चाव्या जास्त सैल. मला कोण रजा देतंय?"

माझ्या पिशवीत एक पुस्तक होतं. चौकातल्या शनिवारच्या बाजारातून आणलेलं, सुरुवातीची पानं गेलेलं. कव्हरवर ओसाड रस्त्याने एकटाच धावणारा एक काटकुळा माणूस. नानांनी ते हातात घेतलं.

"याच्या मागं कोण लागलंय?"

"कोणी नाही."

"मग पुढं कोण आहे?"

"बाकीचे पुढे गेलेत. हा बहुतेक सगळ्यात मागे आहे."

"पगार मिळतो का त्याला?"

"उलट बूट स्वतःच्या पैशाने घ्यावे लागतात."

नाना चित्राकडे बघत राहिले. "पगार नाही, साहेब नाही, मागं कुत्रं नाही. मग धावतो कशापायी?"

"तेच लिहिलंय यात."

"वाचा."

त्यांची ऐकण्याची एक रीत होती. पाय पाण्याच्या घमेल्यात सोडायचे, डोळे मिटायचे, आणि गोष्टीतला माणूस धावायला लागला की पाण्यात त्यांच्या पायांची बोटं हलायला लागायची. कोण जिंकलं हे त्यांनी कधी विचारलं नाही. मध्येच डोळे न उघडता विचारायचे, "आता कुठं आलाय?" मी पुस्तकातलं कुठल्यातरी गावाचं नाव सांगितलं की ते चालायचं नाही. "तसं नका सांगू. अर्ध्यात आलाय की पुढं?" मी अंदाजाने सांगायचो. मग ते तो परदेशी रस्ता उचलून आपल्या पट्ट्यावर टाकायचे. "म्हणजे फाटकापाशी आला. इथून चढ लागतो. आता दम लागेल बघा त्याला." आणि पुढच्या पानावर त्याला खरंच दम लागलेला असायचा. दर वेळी नाही, पण बऱ्याचदा.

शेजारचा चौधरी, लूमवर काम करणारा आमच्याच खानदेशातला गडी, सुट्टीच्या दिवशी येऊन बसायचा. तो घरी बोलतो तसंच, अहिराणीतच बोलायचा आणि गुजरातीत कारकुनाला म्हणतात तसं मला 'मेहताजी' म्हणायचा.

"मेहताजी, तो गोरा अजून पयसच शे का?"

"धावतोच आहे."

"काल बी पये, आज बी पयस! त्याले घरदार शे का नही?"

"ए चौधरी, गप," नाना म्हणायचे. "तू दिवसभर लूमच्या गल्लीत इकडून तिकडं जातोस, तुला कोण विचारतं घरदार?"

"माले पगार भेटस ना, नाना!"

"तेच तर. तुला पगार भेटतो म्हणून तुझ्यावर पुस्तक नाही."

चौधरी हसायचा आणि थोड्या वेळाने भिंतीला टेकून झोपून जायचा. या पुस्तकांत घडत काहीच नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पानंच्या पानं एकच माणूस, त्याचा श्वास, त्याच्या पोटऱ्या, मध्येच आठवलेलं एखादं जेवण, मग पुन्हा श्वास. मला स्वतःला कंटाळा यायचा. नानांना यायचा नाही. एकदा मी विचारलं, यात तुम्हाला एवढं काय सापडतं?

"भाऊसाहेब, आपण दमून घरी येतो. बायको विचारते, काय झालं? आपण म्हणतो, काही नाही, दमलो. संपलं. दमलो याच्या पुढं आपल्याकडं शब्दच नाही. आणि हा बघा, नुसता दमलाय, त्यावर पुस्तक लिहितो. आधी पाय दमतात, मग मान, मग डोकं कसं भलतंच बोलायला लागतं, सगळं. वाचताना वाटतं, अरे, हे तर माझंही होतं. मला मेल्याला वाटायचं, ते काहीच नाही."

त्यानंतर मला कंटाळा आला तरी मी तो दाखवला नाही.

नानांच्या आवडी-निवडीही कडक होत्या. मी एकदा मोठ्या हौसेने एका विजेत्याचं पुस्तक आणलं. गुळगुळीत कागद, मध्ये पदकांचे फोटो. दोन संध्याकाळी ऐकलं आणि नानांनी हात वर केला. "बास. हा धावत नाही, नुसता जिंकतो. परत द्या त्याला." पुस्तक विकणाऱ्याने ते परत घेतलं नाही. नानांच्या घरी पुढे कित्येक दिवस त्याच्यावर तवा ठेवलेला असायचा.

आणि स्वतः? स्वतः ते नोकरीत एकदाच धावले होते. "रुळावर धावायचं नसतं," ते सांगायचे. "कीमन धावताना दिसला की समजायचं, काहीतरी तुटलंय." एका थंडीत त्यांना रूळ तडकलेला सापडला आणि गाडीची वेळ झालेली होती. लाल झेंडी घेऊन ते गाडीच्या दिशेने धावत सुटले. गाडी थांबली. ही गोष्ट दुसऱ्या कोणी रंगवून सांगितली असती. नाना सांगायचे, "मी घाबरून धावलो. चड्डी पिवळी व्हायची बाकी होती. हे लोक घाबरत नाहीत आणि तरी धावतात, त्याचं मला नवल आहे." नानांच्या पत्नी सुशीलावहिनी आतून म्हणायच्या, "भाऊ, त्यांना साहेबांनी बक्षीस दिलं होतं, ते नाही सांगायचे." नाना म्हणायचे, "घड्याळ दिलं होतं. बंद पडलं."

आता जे सांगायचं ते सांगतो.

नानांना साखर होती. रेल्वेच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं की रोज पाय बघायचे, तुमच्या पायाला जखम झालेली कळणार नाही. नानांनी त्याची सोय आपल्या पट्ट्यातच बसवून टाकली होती. अर्ध्या वाटेवर, खाडीच्या पुलापलीकडे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगवाल्यांची एक पत्र्याची खोली होती. तिच्या सावलीत रोज बसायचं, बूट काढायचे, माठातलं पाणी प्यायचं, दोन्ही तळवे आळीपाळीने मांडीवर घेऊन बघायचे आणि पुढे निघायचं. "आरशात तोंड बघावं तसे मी पाय बघतो," असं ते सांगत. मला हे माहीत होतं. पुढचं वाचताना हे ध्यानात ठेवा, की मला माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात आमचं जे पुस्तक चाललं होतं ते नानांना सगळ्यांत आवडलेलं. एक साधा, पोरंबाळं असलेला मास्तर. एक शहर ते दुसरं शहर असा रस्ता. आणि बुटात फुटलेला फोड. एका संध्याकाळी मी नेमकं अशा जागी थांबलो की मास्तरचा मोजा रक्ताने भिजलाय, पाय टेकवत नाही, आणि समोर मैलाचा दगड आहे. थांबलो ते मुद्दाम. ऐकणाऱ्यांना टांगून ठेवण्यातलं सुख मला तोवर कळलं होतं.

पुढचे काही दिवस मिलमध्ये काम निघालं, मी उशिरा सुटायचो. पुन्हा गेलो तेव्हा ओटा गल्लीतल्या माणसांनी भरलेला. चौधरीसुद्धा जागा. नाना म्हणाले, "मी हिशोब लावलाय. तो दगड म्हणजे आपली पत्र्याची खोली. बरोब्बर तिथंच आलाय तो." मग आवाज उतरवून विचारलं, "बसला का?"

मी पान उघडलं. पुस्तकात तो बसला होता. दगडावर बसला, बूट काढला, आणि तिथून पुढे चार पानं तो नुसता बसून विचार करतो. मग एक दूधवाला त्याला गाडीत घालून घरी सोडतो. घरी बायको पाय धुते. त्याला शरम वाटत नाही, आणि आपल्याला शरम का वाटत नाही याचंच त्याला नवल वाटतं. इंग्रजी अवघड होतं, वाक्यं लांब. पण खरं कारण ते नव्हतं. चौधरी माझ्या तोंडाकडे बघत होता. तो म्हणणार होता, 'बठना का? येवढासाठी आमले बसाडी ठेवं?' आणि नानांच्या चेहऱ्यावर असं काही होतं, की जणू बसला असेल तर तो मास्तर नाही, तेच बसलेत. मला तो चेहरा पाडायचा नव्हता. मला ओटा गमवायचा नव्हता.

मी म्हणालो, "नाही. नाही बसला."

नानांनी श्वास सोडला. चौधरीने मांडीवर थाप मारली. "वा रे मर्दा!"

मग काय, मला रचावंच लागलं. पानाकडे बघत, बोट ओळीवरून फिरवत मी रचत गेलो. मास्तरने दगडाकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याने ठरवलं की दुखणं हा पायाचा प्रश्न आहे, आपला नाही. असलं काहीबाही. शेवटी त्याला शहराच्या वेशीतून आत नेलं, लोक टाळ्या वाजवतात असंही घातलं. एवढी रंगलेली संध्याकाळ आमच्या ओट्यावर पुन्हा झाली नाही. वहिनींनी सगळ्यांना चहा दिला. घरी जाताना मला वाटत होतं, आपणही लिहू शकलो असतो.

पंधरवडा गेला असेल. नाना मला रस्त्यात भेटले, ड्यूटीवरून येत होते.

"भाऊसाहेब, एक सांगू? हसू नका. आता मी पण तिथं बसत नाही."

"कुठे?"

"पत्र्याच्या खोलीपाशी. पाणी उभ्यानंच पितो आणि सुटतो. पहिले दोन दिवस जड गेलं. आता नाही काही वाटत."

तिथे, त्या रस्त्यावर, मी सांगू शकलो असतो. 'नाना, तो बसला होता' एवढं एक वाक्य. मला पायांचं आठवलंसुद्धा. पण खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटलं. माझ्या मनाने रचलेलं एक पान एक माणूस रोज चालून दाखवत होता. मी हसून म्हणालो, "वा नाना, तयारी जोरात आहे."

पावसाळा सुरू झाल्यावर नानांनी पाण्यात पाय सोडणं बंद केलं होतं; एकदा ओट्यावर त्यांच्या मोज्यावर डाग दिसला. वासही होता थोडा. मी विचारलं, पायाला काय झालं?

"काही नाही. बूट नवा आहे."

मी पुढचं पान उलटलं.

पुढचं थोडक्यात सांगतो, त्यात काही वेगळं नाही. ताप आला, नाना रुळावरून घरी आले ते रिक्षातून, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा उजवा पाय काळा पडत चालला होता. घोट्याच्या वरून काढावा लागला. डॉक्टर वहिनींना पुन्हा पुन्हा एकच विचारत होते, यांनी पाय बघितला कसा नाही? वहिनी म्हणत होत्या, "बघतात हो, रोज बघतात, माझ्यापेक्षा जास्त बघतात."

मी व्हरांड्यात उभा होतो. वहिनी बाहेर आल्या, माझ्याशेजारी बाकावर बसल्या. बराच वेळ पदराशी चाळा करत होत्या. मग अगदी सहज, चौकशी करावी तसं त्यांनी विचारलं, "भाऊ, त्या पुस्तकातल्या मास्तरचा पाय पुढं बरा झाला का हो?"

बरा झाला होता. तो बसला म्हणून बरा झाला होता. पुढच्या वर्षी तोच रस्ता तो पुन्हा धावतो. पुस्तकाचा शेवट तोच आहे. मी वहिनींना म्हणालो, "पाणी आणतो." आणि गेलो.

नाना घरी आल्यावर मी आठ-दहा दिवस गेलोच नाही. मग एका दुपारी गेलो. पुस्तक बरोबर घेतलं होतं. वहिनी पाण्याला गेलेल्या. नाना खाटेवर, पांघरुणाखाली एक पाय मध्येच संपलेला. मी बसलो नाही, उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. तो बसला होता, दूधवाला आला होता, टाळ्या-बिळ्या काही नव्हतं, ते सगळं माझं. रडलो वगैरे नाही. आवाज ऑफिसात बोलतो तसा होता.

नानांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बसा."

मी बसलो.

"भाऊसाहेब, तुम्ही माणूस भला आहात. माझ्या समाधानासाठी सांगताय. मला वाटू नये की मी उगाच चाललो, मूर्खासारखा."

"नाही नाना. हे बघा, इथे लिहिलंय..."

"लिहिलंय ते मला काय कळतंय? तुम्ही बोट दाखवाल ती पूर्व." ते चिडले नव्हते, पण आवाज वर गेला होता. "मी ऐकलंय ना त्याला. तुमच्या तोंडून ऐकलंय, पण ऐकलंय. त्यानं दगडाकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. असं कोणी मनानं रचू शकत नाही. पाय माझा गेला, तो माझ्या साखरेनं गेला. त्यात त्या माणसाला ओढू नका. त्याला खाली बसवू नका."

मी पुस्तक पिशवीत घातलं. त्या गल्लीत इंग्रजी शिकणारी पोरं होती. कोणालाही बोलावून ती चार पानं वाचून घेता आली असती. मी बोलावलं नाही. वहिनी हंडा घेऊन आल्या, मी उठलो. आणि बाहेर पडताना मला जे वाटलं, त्याची शरम मला मूळ खोट्यापेक्षा जास्त आहे. मला हलकं वाटलं. मी सांगितलं होतं, त्यांनी मानलं नव्हतं; माझं काम झालं होतं.

नोकरी सुटली, क्वार्टर सोडावं लागलं. हिवाळ्यात नाना-वहिनी गावी निघाले, दोंडाईच्याकडे. तोवर नकली पाय बसवला होता. उधन्याच्या स्टेशनवर पोचवायला मी आणि चौधरी गेलो. ट्रंक चौधरीच्या डोक्यावर, माझ्या हातात दोन पिशव्या, वहिनींच्या काखेत गाठोडं. जनरलचा डबा पार टोकाला लागणार होता आणि आम्ही दुसऱ्या टोकाने आत आलो होतो.

नाना काठी घेऊन चालत होते. नकली पायाची सवय झाली नव्हती. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी ते खाली बघायचे. अर्ध्यावर आले तेव्हा कपाळावर घाम होता. तिथे एक बाक रिकामा होता.

"नाना, बठी जा ना जरासा," चौधरी म्हणाला. "गाडीले टाइम शे."

वहिनी म्हणाल्या, "बसा हो. कोणी मागं लागलंय का?"

नाना थांबले. बाकाकडे नाही, माझ्याकडे बघितलं. सगळ्यांसमोर, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जावं असं विचारलं, "काय भाऊसाहेब? तो बसला होता का?"

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. चौधरी ट्रंकेखालून बघत होता. नानांच्या तोंडावर हसू होतं. पण ते खरंच वाट बघत होते. त्या दुपारी खाटेजवळ मी जे सांगितलं होतं ते मागे घ्यायला त्यांनी मला जागा करून दिली होती, की खरं काय ते एकदा सगळ्यांदेखत ऐकायचं होतं, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही कळलेलं नाही.

"नाही नाना," मी म्हणालो. "नाही बसला."

"ऐकलंस?" ते चौधरीला म्हणाले, आणि निघाले.

वहिनींनी एकदाच माझ्याकडे बघितलं, गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं आणि त्यांच्या बरोबरीने चालायला लागल्या. चौधरीची ट्रंक त्यांच्या मागे. मी पिशव्या घेऊन सगळ्यांत शेवटी होतो. गाडी फलाटात शिरली, माणसं दोन्ही बाजूंनी पळायला लागली, डब्यांच्या दारांशी रेटारेटी सुरू झाली. त्या गर्दीतून नाना एकेक पाऊल बघून टाकत, कुठेही न टेकता, शेवटच्या डब्याकडे चालले होते.